घर बांधायचंय कळंब्याला, मी पुण्यात : मटेरियलसहित कंत्राट द्यावं की लेबर रेटनं स्वतः करून घ्यावं?

कळंब्याची_वाट
नमस्कार मंडळी. बाबांनी वीस वर्षांमागं कोल्हापुरात कळंब्याच्या पुढं अडीच गुंठ्यांचा प्लॉट घेऊन ठेवलाय, तेव्हा तिथं नुसता ऊस होता, आता चहूबाजूंनी बंगले झालेत. बाबा रिटायर झाले, आई म्हणते पेठेतल्या भाड्याच्या खोल्यांत जन्म गेला, आता स्वतःच्या दारात तुळस लावू दे. तर दिवाळीनंतर काम काढायचं ठरतंय. खाली हॉल, स्वयंपाकघर, आईबाबांची खोली, वर दोन खोल्या आणि गच्ची, एवढंच.

अडचण अशी की मी नोकरीला पुण्यात, महिन्यातनं दोनदा येणं होईल, आणि बाबांचे गुडघे गेलेत. एका कंत्राटदारानं मटेरियलसहित स्क्वेअर फुटाचा रेट दिलाय, म्हणतो किल्ली हातात देतो, तुम्ही वास्तुशांतीला या फक्त. मामा म्हणतात लेबर रेटनं दे, सिमेंट-सळई आपण भरू, चांगले पैसे वाचतील. आर्किटेक्टचं तर घरात कुणाला पटतच नाही, नकाशाला कशाला एवढी फी म्हणतात. बाबांची सगळी पुंजी आणि माझं कर्ज यात जाणार आहे, चुकलं तर दुसऱ्यांदा जमायचं नाही. ज्यांनी बांधलंय त्यांनी सांगा.

कटवडा
दादा आधी अभिनंदन! आईंना तुळशीवृंदावन पहिलं बांधून द्या, घर मागनं. आणि स्लॅबच्या दिवशी तांबडा-पांढरा असेल तर मला कळवा, घमेली उचलायला येतो.

शुक्रवारपेठी
मी लेबरवर केलं. पैसे वाचले हे खरं आहे, खरं त्याची किंमत मी दिली ती अशी की १४ महिने सकाळी सातला साईटवर, मग ऑफिस, संध्याकाळी परत साईट. सिमेंट संपलं की फोन, खडी आली की फोन, पाण्याचा टँकर आला नाही की फोन. गवंडी आला तर सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा बांधणारा) नाही, सेंट्रिंगवाला आला तर सळई यायचीय. एक दिवस मटेरियल नाही म्हणून गडी परत गेले की ते दुसऱ्या कामावर लागतात आणि पुढचे आठ दिवस मिळत नाहीत. मी कोल्हापुरात राहून दमलो, तुम्ही पुण्यातनं कसं करणार? मामा रोज उभे राहणार असतील तर गोष्ट वेगळी, तेवढं त्यांना स्पष्ट विचारा.

ओळंबा
२२ वर्षं साईटवर आहे म्हणून जरा लांब लिहितो. रेट कुठला घ्यायचा हा तुमचा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, काय बांधायचंय ते कागदावर पूर्ण झालंय का? "हॉल, किचन, तीन खोल्या" यावर कुणी रेट देत असेल तर तो अंदाजानं देतोय, आणि तो अंदाज पुढं तुमच्याकडनंच एक्स्ट्रा काम म्हणून वसूल होणार.

नातेवाईक नकाशा म्हणतात तो मंजुरीचा नकाशा. त्यावर घर बांधता येत नाही. बांधायला वर्किंग ड्रॉइंग लागतात, आरसीसीची (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याची) ड्रॉइंग लागतात, लाईट आणि प्लंबिंगची लागतात, आणि ही सगळी एकमेकांवर ठेवून बघणारा एक माणूस लागतो. आर्किटेक्टची फी त्या कामाची आहे.

मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. एका बंगल्यात वरच्या संडासाचा पाईप बरोबर बीमवर (स्लॅबखालच्या काँक्रीटच्या तुळईवर) आला. प्लॅनमध्ये संडास बरोबर, आरसीसीत बीम बरोबर, दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी बघितलंच नव्हतं. प्लंबरनं ब्रेकर लावला आणि बीमची निम्मी खोली फोडली, खालची सळई कापली. मालक गावाला. आम्हाला कळलं तेव्हा पाईप बसून वर प्लास्टरसुद्धा झालेलं. ते सगळं उघडून बीम दुरुस्त करायला जो खर्च आला त्यात आर्किटेक्टची पूर्ण फी निघाली असती. स्लॅब भरायच्या आधी एक स्लीव्ह (पाईप जायला नळीचा तुकडा) टाकून ठेवायची असते हो, पाच मिनिटांचं काम.

त्यामुळं क्रम असा धरा की आधी जागेची मोजणी आणि हद्द, मग एक ट्रायल खड्डा, मग डिझाईन. कळंब्याकडं कुठं वरच मुरूम लागतो, कुठं काळी माती खोल जाते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, तिच्यावर पाया टेकला की भिंतीला तिरक्या भेगा ठरलेल्या. जेसीबीनं एक खड्डा मारून आरसीसी कन्सल्टंटला दाखवा, तो सांगेल किती खाली जायचं. हा खड्डा न मारता पायाचा खर्च कोण सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मृगाचा_पाऊस
ओळंबा साहेबांना अनुमोदन. त्यात माझी भर, पाण्याची. कळंबा उंचावर आहे म्हणून तुम्हाला नदीचा त्रास नसेल, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांला इशारा आणि ४३ ला धोका हे आपल्याला पाठ आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेली. आमच्या घरात २०१९ ला छातीएवढं पाणी होतं. घर बांधताना वडिलांनी १९८९ च्या पुराची खूण बघून जोतं धरलेलं, तेव्हा त्यांना वाटलं भरपूर झालं.

प्लॉट नदीकडंचा असेल तर निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर बघितल्याशिवाय इसार देऊ नका. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा. नदी ते निळी रेषा बांधकाम बंद. निळी आणि लाल यांच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर पाहिजे. एजंट म्हणतो "हितं कधी पाणी येत नाही", तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आजीला विचारायचं, ती भिंतीवर हात लावून दाखवते कुठवर आलं होतं.

लाल_जांभा
नदी लांब असली तरी रस्त्याचं पाणी आहेच की. दर वेळी डांबरावर डांबर पडतं आणि रस्ता वर येतो. आमच्या काकांचं घर बांधलं तेव्हा रस्त्यापासनं दोन पायऱ्या चढून जायचो, आता एक पायरी उतरून जातो. ड्रेनेजचा चेंबर गटारीच्या खाली गेलाय. जोत्याची उंची ठरवताना आजच्या रस्त्यावर मोजू नका, रस्ता फूटभर तरी वर येणार असं धरा.

खडी_वाळू
मी कंत्राटदार आहे. इथं सगळे मालकाच्या बाजूनं लिहायलेत म्हणून आमचीपण बाजू मांडतो.

मटेरियलसहित रेट म्हटलं की लोक चार जणांचे रेट फिरवून सगळ्यात कमीवाल्याकडं जातात. आम्ही ज्या रेटमध्ये चांगलं स्टील, दोन कोट प्लास्टर, व्यवस्थित वॉटरप्रूफिंग धरलेलं असतं, तो पन्नास रुपयानं जास्त दिसतो. कमीवाल्यानं काय धरलंय ते कुणी विचारत नाही. मग काम सुरू झाल्यावर फरशी अमुक घातली तर फरक द्या, दरवाजा सागवानी पाहिजे तर फरक द्या. भांडणं तिथं होतात.

दुसरं, काम चालू असताना बदल. भिंत उभी राहिल्यावर पाहुणा येतो आणि सांगतो स्वयंपाकघर आग्नेयेला घ्या. भिंत पाडायची, पाईप हलवायचे, आणि त्याचे पैसे मागितले की आम्ही वाईट. वास्तू बघायची असेल तर जरूर बघा, मी पण मानतो, खरं कागदावर असताना बघा. खोडरबरानं भिंत हलते तोवर हलवून घ्या.

तिसरं, बिलं. स्लॅब झाला की गड्यांना शनिवारी पगार द्यावाच लागतो. मालक म्हणतो बँकेचा हप्ता आला की देतो. गृहकर्जाचे पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात, बँकेचा माणूस काम बघून जातो मग सुटतात, हे मान्य. तर तुमचे टप्पे आणि आमचे टप्पे करारात एकच ठेवा, म्हणजे कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत बसायला नको.

शुक्रवारपेठी
@खडी_वाळू दादा तुमचं पटतंय, खरं तुमच्यासारखे लिहून देणारे किती? मी तिघांना विचारलं की सिमेंट कुठलं, सळई कुठली, फरशी किती रुपये फुटाची, बिलाबरोबर लिहून द्या. दोघं म्हणाले विश्वास ठेवा. तिसरा परत आलाच नाही.

खडी_वाळू
लिहून देत नाही त्याला काम देऊ नका. हे मी कंत्राटदार म्हणून सांगतोय.

गवंड्याची_लेक
माझे वडील गवंडी होते, मग मुकादम झाले, नंतर छोटी कामं घ्यायला लागले. मी लहानपणी डबा घेऊन साईटवर जायची. वडिलांच्या हातचा ओळंबा एक दोरा हलला तर ते भिंत उतरवून परत बांधायचे, स्वतःच्या पैशानं. एका कामात मालकानं शेवटचं बिल बुडवलं, घरात किरकोळ डाग आहे म्हणून. त्या वर्षी माझं कॉलेजचं ॲडमिशन आईचं डोरलं गहाण ठेवून झालं. हे राग म्हणून सांगत नाही. पैसे राखून ठेवायचे तर किती ठेवायचे, कधी द्यायचे आणि कशासाठी अडवायचे हे पहिल्या दिवशी लिहायला पाहिजे, नाहीतर चांगला माणूस मारला जातो आणि वाईट माणूस सुटतो.

आणि एक मागणं आहे. परांची (गड्यांनी उभं राहायचा बांबूंचा सांगाडा) बांधताना बघा कसली बांधलीय. वडील दोन मजल्यांवरनं पडले होते, बांबू कुजका होता. हेल्मेट, पट्टा, गच्चीच्या आणि डक्टच्या (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या) कडेला आडवे बांबू, हे करारात घाला आणि महिन्यातनं दोनदा याल तेव्हा पहिलं तेच बघा. गड्यांचा विमा आहे का विचारा.

कळंब्याची_वाट
ताई, वाचून गलबलून आलं. हे नक्की करारात घालणार. सगळ्यांचे आभार, मी वहीत उतरवून घेतोय.
परवानगीचं कुणी सांगेल का? महापालिकेत जायचं की ग्रामपंचायतीत?

ओळंबा
आधी प्लॉट कुणाच्या हद्दीत येतो ते बघा. शहराभोवतालची ४२ गावं २०१७ पासून नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडं आहेत, शहर हद्दीत असाल तर महापालिका. नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधू नका, बँक कर्ज देताना अडवेल. अडीच गुंठे म्हणजे २५० चौरस मीटरच्या आसपास, २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटचं काम बरंच सोपं केलंय. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनएचा (बिनशेतीचा) कागद असेल तर तो, मोजणीचा नकाशा एवढं जमवून लायसनवाल्या आर्किटेक्टकडं जा. जोत्यापर्यंत काम आलं की जोता तपासणी करून घ्या आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी). लोक राहायला जातात आणि भोगवटा विसरतात, मग घर विकताना किंवा दुसरं कर्ज काढताना धावाधाव.

रंकाळाकाठ
थोडं विषयांतर, पण ड्रॉइंगवरनं आठवलं. आपला न्यू पॅलेस, म्हणजे छत्रपतींचा राजवाडा, १८७७ ला सुरू झाला आणि १८८४ ला पुरा झाला. ज्यानं डिझाईन केलं तो मेजर मँट १८८१ मध्येच गेला. म्हणजे डिझाईन करणारा माणूस नसताना तीन वर्षं काम चाललं आणि तो घड्याळाचा मनोरा आज उभा आहे. मला प्रत्येक वेळी तिथनं जाताना वाटतं, त्या कारागिरांच्या हातात कागद किती नीट असले पाहिजेत.

आजरा_घनसाळ
काय सुंदर आठवण काढली. केशवराव भोसले नाट्यगृहाचं पण असंच, १९१५ चं बांधकाम, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं. मी खासबागेच्या बाजूला उभा होतो, म्हातारी माणसं हात जोडून उभी होती. जुनी वास्तू परत उभी करायची तर तिची मापं, फोटो, जुने नकाशे लागतात. आपल्या घराचंपण एक बाड करून ठेवावं असं मला तेव्हापासनं वाटतं.

उचगावची_फ्लॅटवाली
मी फ्लॅट घेतलाय, पुढच्या महिन्यात ताबा. घरमालकांच्या धाग्यात घुसतेय, पण ताबा घेताना काय बघायचं कुणी सांगाल का? बिल्डर म्हणतो सही करा आणि किल्ली घ्या.

ओळंबा
सहीच्या आधी एक अख्खी दुपार काढा. प्रत्येक बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडं जातंय का बघा. फरशीवर नाण्यानं टकटक करत फिरा, पोकळ आवाज आला तिथं खडूनं फुली मारा. सगळ्या खिडक्या उघडझाक करा. एमसीबीवर (लाईटच्या बोर्डातल्या खटक्यांवर) नावं आहेत का, एक पाडला की नेमकं काय बंद होतं ते बघा, अर्थिंग मोजून घ्या. यादी करून दोन प्रती, एकीवर त्यांची सही. आणि रेरात (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात) ताब्यापासनं ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे, तक्रार मात्र लेखी करा.

उचगावची_फ्लॅटवाली
खूप खूप धन्यवाद. खडू आणि नाणं घेऊनच जाते.

खडी_वाळू
तुमचं बघून बंगल्यावाल्यांसाठी पण सांगतो. गच्चीचा कोबा झाला की फरशी घालायच्या आधी कडेनं बांध घालून ७२ तास पाणी साठवा आणि खालनं छताकडं बघा. पाईपचं प्रेशर टेस्टिंग भिंतीचं प्लास्टर करायच्या आधी. एकदा टाईल चढली की गळती शोधायला टाईल फोडावी लागते.

मृगाचा_पाऊस
स्लॅबचे टेकू काढायची घाई हा विषय कुणी काढला नाही. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी प्लेटा काढल्या, दुसऱ्या साईटला हव्या होत्या म्हणून. स्लॅब मधे खचला.

ओळंबा
साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याच्या वरच्याला १४. बीमचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढं २१. हे साध्या सिमेंटचं, आपल्याकडं बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) येतं, तिथं आणखी थांबा. पाणी मारायचं किमान १० दिवस धरा, उन्हाळ्यात जास्त, स्लॅबवर आळी करून पाणी उभं ठेवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. आणि माल भरताना मिक्सरवर एक माणूस उभा करा. ५० किलोच्या पोत्याला पाणी साडेसत्तावीस लिटरच्या वर जायला नको, त्यात ओल्या वाळूतलं पाणीपण आलं. गडी पाणी वाढवतात कारण पातळ माल ओतायला सोपा जातो. त्यांना दोष देऊ नका, व्हायब्रेटर चालू आहे का ते बघा. करारात एम २० दर्जाचं काँक्रीट म्हटलं असेल तर क्यूब (त्याच मालाचे नमुन्याचे ठोकळे) भरून २८ दिवसांनी तपासून घ्या.

लाल_जांभा
हे सगळं बघायला पुण्यातनं कोण येणार? फिरून मूळ प्रश्नावर आलो की.

शुक्रवारपेठी
तेच. मला वाटतं मटेरियलसहित द्या, आणि जे पैसे लेबरवर वाचले असते त्यातले थोडे घालून एक स्वतःचा साईट इंजिनियर ठेवा, पगार तुम्ही देणार, कंत्राटदार नाही.

गवंड्याची_लेक
हे मला सगळ्यात पटलं. शेजारात एखादा रिटायर झालेला ओव्हरसियर असतो, त्यांना विचारा. माझ्या वडिलांनाच असं एका घरानं नेमलं होतं शेवटच्या वर्षांत. रोज सकाळी एक तास, स्लॅबच्या दिवशी पूर्ण दिवस. त्या घरच्यांनी वास्तुशांतीला वडिलांना पहिला टॉवेल-टोपीचा आहेर केला, तो अजून घरात आहे.

कळंब्याची_वाट
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. आर्किटेक्ट ठरले. बाबांना प्रत्यक्ष घेऊन गेलो, त्यांनी बाबांना चालायला लावून बघितलं आणि खालच्या खोलीच्या बाथरूमचा उंबरा काढून टाकला, दार रुंद केलं, हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. आता फीबद्दल घरात कुणी बोलत नाही. आई तीन दिवस कागदावर स्वयंपाकघर फिरवत होती, शेवटी पूर्वेची खिडकी आणि तिच्या बाहेर वृंदावन असं ठरलं.

कंत्राट मटेरियलसहित, ब्रँड आणि फरशीचा दर लिहून. बिलाचे टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवलेत. प्रत्येक बिलातनं ५ टक्के राखायचे आणि एक पावसाळा गेल्यावर द्यायचे, गळती निघाली तर आधी दुरुस्ती, आणि किरकोळ कारणावरनं अडवायचे नाहीत हेसुद्धा लिहिलंय, ताईंच्या पोस्टमुळं. सुरक्षेचं कलम घातलं. रोजच्या देखरेखीला गल्लीतले एक निवृत्त ओव्हरसियर काका तयार झालेत, ते रोज फोटो पाठवणार, भिंत बुजायच्या आधी पाईप आणि वायरींचे फोटो टेप लावून. आजरा_घनसाळ, तुम्ही म्हणालात तसं बाड करतोय. मामांना सळईचं वजन करून घ्यायची जबाबदारी दिलीय, ते खूश आहेत.

खडी_वाळू
एक नंबर. असा मालक मिळाला तर कंत्राटदारपण मनापासनं काम करतो. मृगाच्या आधी निदान खालचा स्लॅब पडेल असं बघा, दिवाळीला सुरू केलं तर अवघड नाही.

ओळंबा
ट्रायल खड्डा कधी?

कळंब्याची_वाट
या रविवारी सकाळी नऊला. आरसीसीवाले साहेब येणार आहेत. आई नारळ आणि हळदीकुंकू घेऊन येतेय, खड्ड्याची पूजा नसते म्हटलं तरी ऐकत नाही.

गवंड्याची_लेक
ऐकू नका म्हणावं त्यांना. जमिनीला पहिला घाव घालताना वडीलसुद्धा हात जोडायचे.

कटवडा
मी येतो रविवारी. येताना सगळ्यांना चहा आणि गरम कटवडे माझ्याकडनं. कळंबा तलावापासनं आत कुठल्या गल्लीनं वळायचं तेवढं सांगा.